अनुभवावर थापटी

माझ्या आजीचा उजवा गुडघा एका फेब्रुवारीत दुखायचा थांबला. वडनेर भोलजीतल्या आमच्या घरी ही गोष्ट अजून सांगितली जाते. माघ वद्य सप्तमीला, म्हणजे गजानन महाराजांच्या प्रकटदिनाला, तिनं ‘गजानन विजय’चं पारायण पुरं केलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावरून उतरताना तिला भिंत धरावी लागली नाही. “आता बोल,” ती मला म्हणाली, “तुले काय म्हनायचं हाय ते म्हन.” मी तेव्हा अकोल्याला विज्ञान शाखेत शिकत होतो आणि सुट्टीत घरी आलो की अक्कल पाजळायची खोड होती. मी म्हटलं, कापसाची वेचणी सरून तीन आठवडे झाले, दिवसभराचं वाकणं थांबलं, गुडघ्याला आराम पडला. ती हसली. “वेचनी का याच साली सरली? दरसाल सरते. गुडघा यंदाच थांबला.”

तेव्हा मला हे उत्तर आडमुठेपणाचं वाटलं. आज वाटतं, त्या ओट्यावर शास्त्राच्या जास्त जवळ तीच होती. तिनं यंदाची तुलना मागच्या सालांशी केली होती. मी नुसता पुस्तकी अंदाज फेकला होता. तिची तुलना पुरेशी नव्हती, हा भाग वेगळा.

त्या एका गुडघ्यात तीन वेगवेगळी विधानं दडलेली होती, हे ध्यानात यायला मला बरीच वर्षं लागली. गुडघा दुखायचा थांबला, हे पहिलं. यात मला बोलायला जागाच नव्हती. दुखणं तिचं, ते थांबल्याची साक्षही तिचीच. ते महाराजांनी थांबवलं, हे दुसरं. हे विधान गुडघ्याच्या बाहेरच्या जगाबद्दल आहे, आणि तिथं शंका घ्यायला कोणालाही मुभा आहे. तिसरं तिनं त्याच संध्याकाळी केलं: “तूही वाचत जाय, नोकरी लागन.” म्हणजे जे मला लागू पडलं ते तुलाही लागू पडेल. अध्यात्मातली बहुतेक भांडणं, फसवणुका आणि घरातले रुसवेफुगवे या तीन पायऱ्या एका दमात चढण्यातून होतात. पहिलीचा खरेपणा तिसरीपर्यंत कधी वाहून नेला, हे चढणाऱ्यालाही कळत नाही.

आपल्या भाषेनं यातला थोडा भेद राखून ठेवलाय. मराठीत अनुभव ‘येतो’ आणि अनुभव ‘घेतो’. आलेला अनुभव न बोलावता दारात उभा राहतो. घेतलेल्या अनुभवासाठी आपण चालत जातो. साधना म्हटली की दुसरं क्रियापद आलं. आणि माणूस साधना बहुधा निवडतो ती मात्र पहिल्या क्रियापदाच्या भरवशावर: कोणाला तरी काही तरी ‘आलं’ म्हणून.

निवडायला आज वाण नाही. मलकापूर आणि नांदुरा यांच्या मधे, पूर्वी सहा आणि आता ५३ क्रमांक असलेल्या राष्ट्रीय महामार्गावर आमचं वडनेर. पूर्वेला निघालं की नांदुऱ्याचा १०५ फुटी मारुती, पुढं जलंबवरून शेगाव. कुणी तुळशीची माळ घालून मांस-मद्य सोडतो. कुणी महानुभाव पंथाचा उपदेश घेतो. गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना आहे, स्वामी समर्थांची केंद्रं आहेत, श्रीसदस्यांची बैठक आहे, ब्रह्माकुमारींचे वर्ग आहेत, बुद्धविहारातली वंदना आहे, आणि बुलढाण्याच्या डोंगरात पिंपळगाव सराईला सैलानीबाबांचा दर्गा आहे, जिथं होळीला नारळांचा डोंगर पेटतो आणि हिंदू-मुसलमान दोघंही गर्दी करतात. ज्याच्या हातात मोबाइल आहे त्याला तर जगातले सगळे ध्यानमार्ग खुले. माझ्या पणजोबांना ही अडचण नव्हती. जे घरात होतं तेच होतं.

मग निवडायचं कशावर? हा प्रश्न आपल्याकडं नवा नाही. प्रमाण म्हणजे काय, खरं ज्ञान कोणत्या वाटेनं येतं, यावर भारतीय दर्शनांनी शतकानुशतकं वाद घातलाय. चार्वाक फक्त प्रत्यक्ष मानतात. नैयायिक प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द अशी चार प्रमाणं धरतात. अद्वैती आणखी दोन जोडून सहा करतात. त्या सगळ्या यादीत आमच्या आजीची जागा कुठं, असं मी एकदा संस्कृतच्या प्राध्यापकांना विचारलं होतं. ते म्हणाले, “तिच्याकडं शब्दप्रमाण होतं. पोथीतल्या शब्दावर तिचा आधीच विश्वास होता; गुडघ्यानं नंतर त्यावर सही केली.” मला हे फार नेमकं वाटलं. अनुभव विश्वासाच्या आधी क्वचित येतो. बहुतेक वेळा विश्वास ओटा सारवून ठेवतो आणि मग अनुभव येऊन बसतो.

वऱ्हाडच्या मातीतली या विषयावरची सगळ्यात जुनी गोष्ट महानुभावांची. चक्रधरस्वामींचा वावर ज्या मुलखात होता त्यात आमच्या जिल्ह्यातली लोणार, मेहकर ही गावं येतात, आणि त्यांचे दृष्टांत केशोबासांनी ‘दृष्टांतपाठा’त गोळा केले. जात्यंधांचा हत्ती त्यातलाच. गावात हत्ती येतो. जन्मापासून आंधळी असलेली माणसं त्याला चाचपतात. पाय हाताला लागला तो खांब म्हणतो, कान लागला तो सूप म्हणतो. जैनांनी हीच गोष्ट अनेकांतवादासाठी वापरली, बौद्धांनीही वापरली. आजकाल ती शाळेत ‘सगळ्यांचंच थोडं थोडं बरोबर’ अशा गुळमट अर्थानं सांगतात. पण गोष्ट नीट ऐकली तर तिच्यात एक डोळस माणूस लपलेला आहे. हत्ती पूर्ण कसा असतो हे कुणाला तरी दिसतंय, म्हणून तर आंधळ्यांचं अपुरेपण कळतं! महानुभावांचा रोख त्या डोळसाकडंच आहे. गोची अशी की आपल्या मुलखातला प्रत्येक पंथ तो डोळस आपणच असल्याचं सांगतो.

हे किती टोकाला जाऊ शकतं ते शेजारच्या वाशीम जिल्ह्यात शिरपूरला पाहावं. तिथली अंतरिक्ष पार्श्वनाथाची मूर्ती जमिनीला न टेकता उभी आहे अशी श्रद्धा आहे. ती मूर्ती दिगंबरांची की श्वेतांबरांची, यावरून दोन्ही पंथांत शतकभर कज्जा चालला. मूर्तीवर कटिसूत्राच्या खुणा आहेत की नाहीत इथपर्यंत वाद गेला, आणि इंग्रजी अमलात प्रकरण थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलमधे पोचलं. पुढं १९८१ पासून मूर्तीच्या दालनाला कुलूप लागलं. ते २०२३ मधे, सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर उघडलं. चार दशकं भाविक झरोक्यातून दर्शन घेत होते. सत्याला अनेक बाजू असतात असं जगाला शिकवणाऱ्या धर्माची ही गोष्ट आहे. मी हे हिणवण्यासाठी लिहीत नाही. एकच दगड, एकाच उजेडात, दोन प्रामाणिक माणसांनी पाहिला आणि दोघांना वेगळा दिसला. पाहण्यात श्रद्धा किती खोल मिसळलेली असते याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही.

वस्तुनिष्ठ सत्य तरी सरळ हाती लागतं का? त्यासाठी आमच्याच जिल्ह्यातलं लोणार बघा. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं ते विवर लवणासुराला विष्णूनं गाडलं ती जागा, असं स्थळपुराण सांगतं आणि त्या कथेचं दैत्यसूदन मंदिर तिथं उभं आहे. एकोणिसाव्या शतकातल्या भूगर्भतज्ज्ञांना ते ज्वालामुखीचं तोंड वाटलं. सगळीकडं बेसाल्ट, मग दुसरं काय असणार? १९७३ मधे खडकांत प्रचंड आघाताशिवाय न बनणारी काच सापडल्याचं प्रसिद्ध झालं आणि ते उल्काविवर ठरलं. वय आधी पन्नासेक हजार वर्षं धरत; पुढं वेगळ्या पद्धतीनं मोजलं तेव्हा ते पाच लाख सत्तर हजारांच्या आसपास निघालं. म्हणजे शास्त्रही चुकलं, आणि थोडंथोडकं नाही, दहापटीनं. पण चुकलं हे त्याच्या स्वतःच्याच रीतीनं उघड झालं. २०२० च्या जूनमधे सरोवराचं पाणी गुलाबी झालं तेव्हा काहींना तो शकुन वाटला, काहींना अपशकुन. नमुने प्रयोगशाळांत गेले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेला त्यात खारट पाण्यात वाढणारे, गुलाबी रंगद्रव्य तयार करणारे सूक्ष्मजीव सापडले. टाळेबंदीत काठावर उभं राहून ज्याला ते पाणी पाहून भरून आलं, त्याचं भरून येणं या अहवालानं खोटं पडलं नाही. ‘हा कोपाचा रंग आहे’ हे मात्र पडलं.

पोथ्यांनाही हीच मोजपट्टी लावायची का? इथं आमच्या भागात लिहिणाऱ्याचा हात अडखळतो. तरी एक उदाहरण घेतो. १९०८ मधे अकोल्याच्या शिवजयंतीच्या सभेला लोकमान्य टिळक आले होते आणि व्यासपीठावर गजानन महाराजही होते, असं ‘गजानन विजय’ सांगतो. महाराजांनी टिळकांच्या अटकेचं भाकीत केलं आणि त्यांच्या हातून मोठं काम होणार असल्याचं सुचवलं. ते काम म्हणजे ‘गीतारहस्य’. टिळकांना त्याच वर्षी २४ जूनला अटक झाली, सहा वर्षांची शिक्षा होऊन ते मंडालेला गेले आणि ‘गीतारहस्य’ १९१५ मधे छापून आलं, हा इतिहास आहे. दासगणूंनी ‘गजानन विजय’ हा २१ अध्यायांचा ग्रंथ रचला तो १९३९ च्या सुमारास, महाराजांच्या समाधीनंतर जवळपास तीन दशकांनी. जे घडून गेलंय त्याचं भाकीत घडून गेल्यावर लिहिलं गेलं, तर इतिहासकार त्याला पुरावा म्हणून उचलणार नाही. भाविकाला त्याची गरजही नसते. तो पोथी वाचतो ते टिळकांची अटक सिद्ध करायला नव्हे. पोथी मनाला उभारी देते हे एक, आणि पोथीतली प्रत्येक घटना तशीच घडली हे दुसरं. दोन्ही गोष्टी एकाच टोपलीत घालून भांडायला दोन्ही पक्ष सदा तयार, ही आपल्या वादांची रडकथा.

बाहेरच्या जगाबद्दलचा दावा बाहेरच्या कसोटीवर घासता येतो, आणि काही लोकांनी तो घासून पाहिलाय. २००६ मधे अमेरिकेत हार्वर्डच्या हर्बर्ट बेन्सन यांनी हृदयाची बायपास शस्त्रक्रिया झालेल्या १८०२ रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. काहींसाठी अनोळखी लोकांनी प्रार्थना केली, काहींसाठी केली नाही. फरक आढळला नाही. उलट ‘तुमच्यासाठी प्रार्थना नक्की चालू आहे’ असं ज्यांना सांगितलं होतं त्यांच्यात गुंतागुंत थोडी जास्त निघाली; बहुधा ‘आपली तब्येत प्रार्थना करण्याइतकी बिघडली की काय’ या धास्तीनं. प्रयोग करणारे स्वतः प्रार्थनेचे वैरी नव्हते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ स्किनर यांनी १९४८ मधे भुकेल्या कबुतरांना ठरावीक अंतरानं आपोआप दाणे टाकले. दाणा पडला तेव्हा जे कबुतर मान वळवत होतं ते मानच वळवत बसलं. नवसाची आठवण येते ना? फेडलेले नवस गावभर सांगितले जातात. न पावलेल्यांची मोजदाद कोण ठेवतो?

तर मग आतल्या अनुभवाला कसोटीच नाही का? आहे, आणि ती सांगणाऱ्या माणसाला प्रयोगशाळेची भीती नव्हती. गुरुदेव रानडे, म्हणजे रा. द. रानडे, अलाहाबाद विद्यापीठात तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक आणि पुढं कुलगुरू. उमदीच्या भाऊसाहेब महाराजांचे ते शिष्य आणि महाराष्ट्रातल्या संतांच्या गूढानुभवावर १९३३ मधे त्यांनी इंग्रजीत जाडजूड ग्रंथ लिहिला. नाद ऐकू येणं, प्रकाश दिसणं, हे सगळं व्यक्तीच्या आत घडतं. मग त्याला खरं कोणत्या आधारावर म्हणायचं, हा प्रश्न त्यांनी टाळला नाही. त्यांचं एक उत्तर सार्वत्रिकतेचं: वेगवेगळ्या काळांत, वेगवेगळ्या देशांत, एकमेकांची नावंही न ऐकलेल्या साधकांनी सारखंच काही सांगितलंय. दुसरं उत्तर असं की खऱ्या अनुभवाचा ठसा बुद्धीवर, भावनेवर आणि विशेषतः आचरणावर उमटतो.

पहिलं उत्तर मला पुरत नाही. कोजागरीला सरकीच्या रानावर उगवणारा चंद्र बघा. परातीएवढा दिसतो. मध्यरात्री डोक्यावर आला की वाटीएवढा. हे आमच्या सालदाराला दिसतं तसंच खगोलशास्त्रज्ञालाही दिसतं, साऱ्या मानवजातीला दिसतं. आणि हात लांब करून बोटांत एक रुपयाचं नाणं धरून मोजलं तर दोन्ही वेळचा चंद्र सारखाच निघतो. सगळ्यांना सारखं दिसतं म्हणजे ते बाहेर तसं असतंच असं नाही. सगळ्यांचा मेंदू सारखा घडलाय एवढंच कदाचित त्यातून कळतं. आचरणाची कसोटी मात्र मला पटते, कारण ती दुसऱ्याला पाहता येते. साधकाच्या डोळ्यांपुढं प्रकाश पडला की नाही हे शेजाऱ्याला कळणार नाही. त्यानं बांध कोरायचा थांबवला की नाही हे शेजाऱ्याइतकं कोणाला कळतं?

ही कसोटी रानड्यांच्या आधीपासून आपल्यात आहे, आणि तिला आवाज आहे. संतमंडळी जमली असताना मुक्ताबाईनं गोरोबाकाकांना विचारलं, यातली मडकी पक्की किती, कच्ची किती? कुंभारानं थापटी उचलली आणि एकेकाच्या डोक्यावर मारत गेला. सगळे गप्प बसले; नामदेव रागावले. कच्चं मडकं सापडलं. मुळात नामदेवांशी विठ्ठल बोलायचा, जेवायचा! एवढा थेट, रोजचा अनुभव असलेला माणूस कच्चा ठरतो, ही या कथेतली खरी मेख. तिथं बसलेल्या कोणीही नामदेवांचा अनुभव खोटा म्हटला नाही. अनुभव असून अहंकार शिल्लक राहिला, एवढंच थापटीनं दाखवलं. मग नामदेव औंढ्याला विसोबा खेचरांकडं गेले. दासबोधाच्या पाचव्या दशकात रामदासांनीही करामती दाखवणाऱ्यांना सद्‌गुरूंच्या रांगेत बसवलेलं नाही.

पण फक्त समाजाच्या हातात थापटी दिली की तिचं दांडकं व्हायला वेळ लागत नाही. सतराव्या शतकातल्या बहिणाबाई सिऊरकरांनी आपल्या आत्मचरित्रात लिहिलंय की तुकोबांनी त्यांना स्वप्नात उपदेश दिला. प्रत्यक्ष भेट तोवर झालेली नव्हती. नवरा ब्राह्मण, तुकोबा कुणबी. नवऱ्यानं मारहाण केली. त्या घरात, त्या काळात एका बाईला गुरू निवडण्याचा दुसरा कोणता रस्ता मोकळा होता? स्वप्नाला परवानगी लागत नाही. खुद्द तुकोबांनाही बाबाजी चैतन्यांचा उपदेश स्वप्नातच झाला होता. इथं व्यक्तिनिष्ठ अनुभव ही कमकुवत साक्ष राहात नाही. तो दाराला लावलेल्या कडीवरचा उतारा होतो. आमच्याच वऱ्हाडात गुलाबराव महाराज झाले, १८८१ ते १९१५. नवव्या महिन्यात डोळे गेले, आयुष्य अवघं ३४ वर्षांचं, ग्रंथ शंभराहून कितीतरी जास्त. त्यांनी स्वतःला ज्ञानेश्वरांची कन्या आणि कृष्णाची पत्नी मानलं, कुंकू लावलं, मंगळसूत्र घातलं, आणि त्याच वेळी डार्विन-स्पेन्सर यांच्याशी वाद घातला. त्यांचा भाव कोणत्या कसोटीला लावणार? मी लावणार नाही. त्यांच्या ग्रंथांतला युक्तिवाद मात्र लावीन, आणि ते चिडले नसते असं वाटतं.

साधना बदलावी का, यावर बोलताना लोक बिचकतात. गुरू बदलणं म्हणजे पाप. रानड्यांच्याच परंपरेत साधना बदलल्याचं उदाहरण आहे. भाऊसाहेब महाराजांचा मार्ग नामाचा आणि दीर्घ ध्यानाचा, त्याला पिपीलिका मार्ग म्हणतात: मुंगीसारखं खोडावरून चढत चढत फळापर्यंत जायचं. त्यांचे शिष्य सिद्धरामेश्वर महाराज काही वर्षं तसेच चढले आणि मग विहंगम मार्गाकडं वळले: पाखरासारखं विचाराच्या पंखांनी थेट फळावर. गुरुबंधूंना ते रुचलं नाही. सिद्धरामेश्वरांच्या शिष्यांपैकी एक, मुंबईच्या खेतवाडीत राहणारे विडीचे दुकानदार, पुढं निसर्गदत्त महाराज म्हणून जगभर पोचले. त्यांना गुरूंचा सहवास १९३३ ते १९३६ असा जेमतेम तीन वर्षं मिळाला. आता मुंगी बरोबर की पाखरू? एकाच झाडावरून रानडेही निघाले आणि निसर्गदत्तही. ‘कोणता मार्ग खरा’ हा प्रश्न इथं चुकीचा ठरतो. मार्ग हे विधान नव्हे. ते पथ्य आहे. पथ्य खरं-खोटं नसतं, सोसणारं किंवा न सोसणारं असतं. पथ्याबरोबर वैद्य ज्या बाता मारतो त्या खऱ्या-खोट्या असतात.

निवड कशी करावी याचा सगळ्यात मोठा, सगळ्यात उघडा धडा मात्र नागपूरला गिरवला गेला, आणि त्यात अनुभवाची, अनुभूतीची भाषा जवळजवळ नाही. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात डॉ. आंबेडकरांनी सांगितलं की हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. धम्मदीक्षा घेतली १४ ऑक्टोबर १९५६ ला. मधे एकवीस वर्षं. या काळात त्यांनी धर्म तपासले, आणि १९५० च्या एका लेखात आपल्या कसोट्या छापून टाकल्या: धर्मानं समाजाला नीतीनं बांधावं, तो विज्ञानाशी सुसंगत असावा, स्वातंत्र्य-समता-बंधुता मानणारा असावा, आणि त्यानं दारिद्र्याला पवित्र ठरवू नये. ‘मला काय जाणवतं’ हा प्रश्न यात नाहीच. ‘हा धर्म माणसांचं एकमेकांशी काय करतो’ हा आहे. विदर्भातल्या गावोगावच्या विहारांमागं हा प्रश्न उभा आहे, आणि आमच्यासारख्या ओट्यावरच्या वादपटूंनी तो फार उशिरा ऐकला. बुद्धानं केसपुत्तच्या कालामांना दिलेला सल्ला याच जातीचा: ऐकीव म्हणून, परंपरा म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, गुरू सांगतो म्हणून मानू नका, काय केल्यानं हित होतं, काय केल्यानं अहित, ते स्वतः पाहा. लोक इथंच थांबतात आणि ‘स्वतःला पटेल ते करा’ असा सोयीचा अर्थ काढतात. त्या सल्ल्यात सुज्ञ लोक कशाची निंदा करतात हेही पाहायला सांगितलंय. थापटी आलीच.

‘स्वतः अनुभव घ्या, आमच्यावर विश्वास ठेवू नका’ असं आजच्या ध्यानमार्गांत सर्वात ठासून सांगतात ते सत्यनारायण गोएंका यांच्या परंपरेतले विपश्यनेचे साधक. इगतपुरीचं धम्मगिरी १९७६ पासून चालू आहे. दहा दिवसांचं शिबिर, शेवटचा दिवस सोडला तर मौन, फी नाही, शेवटी इच्छा असेल तर दान. माझा एक चुलतभाऊ जाऊन आला आणि त्याचा तोंडातला गुटखा सुटला, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पण दहा दिवस दिवसाकाठी दहा तास बसून ‘फक्त पाहा’ म्हटल्यावर काय पाहायचं आणि त्याला काय नाव द्यायचं हे रोज संध्याकाळच्या प्रवचनात सांगितलं जातंच. अनुभव स्वतःचा, शब्द पुरवलेले. आणि ध्यान सगळ्यांनाच मानवतं असंही नाही. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मधे ध्यान करणाऱ्यांच्या सविस्तर मुलाखती छापल्या. त्यांत भीती, निद्रानाश, स्वतःपासून तुटल्यासारखं वाटणं असे त्रास नोंदवलेले आहेत. शिबिराच्या अर्जात मानसिक आजाराची माहिती विचारतात ती भरताना लपवू नये, एवढं तरी वाचकांनी ध्यानात ठेवावं.

कारण खरी किंमत तिथं मोजावी लागते, जिथं आजारी माणसाच्या वतीनं साधना दुसराच कोणी निवडतो. सैलानीला नेलेल्या सगळ्यांनी स्वतःच्या पायांनी जायचं ठरवलेलं नसतं. वर्षानुवर्षं तिथं मनोरुग्ण आणले गेले, काही साखळीनं बांधून. तमिळनाडूतल्या एरवाडीला दर्ग्याच्या परिसरात ६ ऑगस्ट २००१ ला आग लागली आणि साखळदंडानं बांधलेले २८ मनोरुग्ण जळून गेले, तेव्हा देश हादरला. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं साखळी घालायलाच बंदी केलीय. ज्याची आई सैलानीला जाऊन शांत झोपली त्याला मी दर्ग्याचा रस्ता बंद करायला सांगणार नाही. बुलढाण्याच्या जिल्हा रुग्णालयाची वाट त्याच रस्त्यावरून जाते, एवढंच म्हणेन. सुफी पीर डॉक्टरच्या गोळीवर रुसल्याचं कोणत्याही परंपरेत मी ऐकलेलं नाही.

नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर, २०१३ मधे, राज्यात जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्याला विरोध करणारे वारी बंद होईल, कीर्तन बंद होईल अशी आवई उठवत होते. कायदा वाचला तर वारी, प्रदक्षिणा, यात्रा, हरिपाठ, कीर्तन, प्रवचन, भजन यांना त्यानं स्पष्ट शब्दांत बाहेर ठेवलंय. भूत उतरवायला मारहाण करणं, उपचार रोखून मंत्रतंत्रच करायला लावणं, दैवी शक्तीच्या नावावर लुबाडणं, हे गुन्हे. कायदेमंडळाला तत्त्वज्ञान लिहायचं नव्हतं, पण आजीच्या गुडघ्यातल्या पहिल्या आणि दुसऱ्या विधानाच्या मधली रेघ त्यांनी बऱ्यापैकी सरळ आखलीय.

तरुण मुलं मला विचारतात, कुठं जाऊ, कोणाला गुरू करू. मी सांगतो, आधी तुझ्या आवडीच्या साधनेत दहा वर्षं असलेला माणूस शोध. त्याला काय काय दिसलं हे विचारू नकोस. तो रंगवून सांगेल, खोटं बोलेल म्हणून नव्हे, शब्दच तसे मिळालेत म्हणून. त्याच्या घरी न कळवता दुपारी जा. बायको त्याच्याशी कशी बोलते, सालदाराची मजुरी वेळेवर मिळते का, मुलगी समोर बसून उलट बोलू शकते का, ते पाहा. तिथं भागलं नाही तर पुढच्या घरी जा.

आजीचा गुडघा दोन वर्षांनी पुन्हा दुखायला लागला. खामगावच्या डॉक्टरांनी झीज सांगितली आणि गोळ्या दिल्या. मी विजयी मुद्रेनं विचारलं, मग आता महाराजांचं काय? “गुडघ्यासाठी वाचते का मी?” ती म्हणाली, आणि चष्मा शोधायला लागली. पुढची अकरा वर्षं, जाईपर्यंत, ती सकाळी एक अध्याय आणि न्याहारीनंतर एक गोळी घेत होती.